महर्षी कर्वे : एका संसाराचा जमाखर्च

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव घेतले की आपल्या डोळ्यांसमोर हिंगण्याची झोपडी, विधवांचे शिक्षण, महिला विद्यापीठ आणि १९५८ साली मिळालेले 'भारतरत्न' या गोष्टी उभ्या राहतात. त्यांच्या जन्मशताब्दीच्या दिवशी, त्यांच्या हयातीतच, भारत सरकारने त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट काढले. एकशे चार वर्षांच्या या जीवनाचा गौरव करणारे लेख पुष्कळ आहेत आणि ते योग्यही आहेत. परंतु अण्णा कर्वे हे समाजसुधारक होण्याच्या आधी, आणि झाल्यानंतरही, एक नोकरदार गृहस्थ होते. त्यांना पगार होता, बायकामुले होती, घरभाडे होते, मुलांच्या शाळेची फी होती आणि उतारवयाची चिंताही होती. महिन्याच्या मिळकतीतून काय खर्चावे, काय राखावे, कोणाला द्यावे आणि कोणाकडून घ्यावे, हे प्रश्न त्यांच्याही घरात दर महिन्यास उभे राहत होते. त्या प्रश्नांना त्यांनी दिलेली उत्तरे सामान्य माणसाच्या उत्तरांहून निराळी होती, आणि त्यांपैकी काही उत्तरांची किंमत त्यांच्या पत्नीला मोजावी लागली. पोटासाठी गाव सोडून दूर आलेल्या आपणा मंडळींना हा भाग विशेष जवळचा वाटेल, म्हणून या सुवर्णमहोत्सवी अंकात त्यांचे चरित्र याच बाजूने सांगण्याचे योजिले आहे.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली या आजोळच्या गावी झाला. कर्व्यांचे मूळ गाव दापोली तालुक्यातील मुरुड. मागच्या पिढ्यांत हे घराणे सधन होते. परंतु धोंडूच्या जन्माच्या वेळी त्या वैभवाच्या गोष्टी तेवढ्या उरल्या होत्या. वडील केशवपंत तुटपुंज्या पगारावर दुसऱ्यांच्या इस्टेटीची कारकुनी करीत आणि त्यासाठी त्यांना घरापासून दूर राहावे लागे. घर चालविण्याचा भार आई लक्ष्मीबाईंवर होता. ही माउली मोठी मानी होती. बडोद्यास गायकवाड सरकारातून ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असल्याची वार्ता आली, तेव्हा गावची कित्येक मंडळी तिकडे जावयास निघाली. घरातील मुलांनाही मोह झाला. तेवढ्या रकमेने त्या घरची बरीच नड भागली असती. पण आपल्या मुलांनी अशा दानासाठी हात पसरावा हे लक्ष्मीबाईंना रुचले नाही आणि त्यांनी मुलांना जाऊ दिले नाही. पैसा येण्याच्या सर्वच वाटा सारख्या नसतात, हा धडा धोंडूला वयाच्या अगदी कोवळ्या अवस्थेत असा मिळाला. पुढे याच मुलाने जन्मभर लोकांपुढे झोळी पसरली. परंतु स्वतःसाठी कधीही पसरली नाही.

दुसरा धडा मिळाला तो मुरुडच्या शाळेतील सोमण गुरुजींकडून. गुरुजींच्या सांगण्यावरून धोंडू दुर्गादेवीच्या देवळात गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवीत असे. गुरुजींच्याच प्रेरणेने गावात सामाईक भांडवलाचे एक दुकानही निघाले होते आणि तेथे विक्रीचे काम करण्यास धोंडू बसत असे. ते दुकान फार दिवस चालले नाही. परंतु चार माणसांनी आपापला थोडा थोडा पैसा एकत्र केला तर त्यातून एकट्याच्या आवाक्याबाहेरचे काम उभे राहू शकते, आणि हिशेब व चिकाटी नसेल तर ते कोसळूही शकते, या दोन्ही गोष्टी त्या पोरवयात त्याने पाहिल्या.

त्या काळी सामान्य कुटुंबाची शिल्लक म्हणजे बायकोच्या अंगावरचे दोन दागिने, परसातली चार झाडे आणि असलाच तर जमिनीचा तुकडा. अडचण आली की सावकाराचा उंबरठा. पोस्टाची बचत बँक १८८२ साली निघाली आणि सहकारी पतपेढ्यांचा कायदा १९०४ साली झाला; त्यापूर्वी गरजवंताला दुसरा आसराच नव्हता. सावकारी व्याजाने घरे कशी बुडत होती याचा पुरावा १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी मिळाला. तेथील शेतकऱ्यांनी सावकारांची घरे आणि दुकाने लुटून त्यांची कर्जखते जाळली, आणि ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. त्यातूनच पुढे १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा झाला. योगायोग असा की त्याच १८७५ सालच्या पावसाळ्यात सतरा वर्षांचा धोंडू सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यास पायी निघाला होता. शंभराहून अधिक मैलांची ती वाट, मुसळधार पाऊस आणि मध्ये सह्याद्रीचा घाट. इतके करून साताऱ्यास पोहोचल्यावर, मुलगा वयाने लहान दिसतो एवढ्या कारणावरून त्याला परीक्षेस बसू दिले नाही. ती परीक्षा तो पुढच्या वर्षी कोल्हापुरास जाऊन उत्तीर्ण झाला. गरीब घरातील मुलाला वर येण्याचा रस्ता एकच होता, आणि तो शिक्षणाचा होता. ही खूणगाठ त्याने जी बांधली ती कायमची.

इंग्रजी शिक्षणासाठी रत्नागिरी आणि मग मुंबई, असा प्रवास करीत अण्णा १८८१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, मॅट्रिक झाले आणि १८८४ साली गणित विषय घेऊन एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले. लग्न पंधराव्या वर्षीच झाले होते. पत्नी राधाबाई त्या वेळी अवघ्या आठ वर्षांच्या होत्या. १८८२ साली मुलगा रघुनाथ जन्मास आला. म्हणजे पदवी हातात पडण्याआधीच संसाराचा भार खांद्यावर आला होता. मुंबईत अण्णा शाळांतून गणित शिकवीत आणि त्याखेरीज शिकवण्या करीत. त्यांचा दिवस पहाटेच सुरू होई. स्नेही नरहरपंत जोशी यांच्याबरोबर त्यांनी एकत्र बिऱ्हाड केले होते. दोन कुटुंबे एका चुलीवर जेवली की भाडे, सरपण आणि धान्य या सर्वांत बचत होते, हे परगावी संसार मांडणाऱ्या कोणाही मराठी माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही.

बचतीचा हेतू मात्र अण्णांच्या घरी थोडा वेगळा होता. कमाई सुरू झाल्यापासून मिळालेल्या दर रुपयामागे ठराविक लहानसा अंश परोपकारासाठी बाजूला काढावयाचा, असा त्यांनी नेम केला. रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे आणि एकशे ब्याण्णव पै असण्याचे ते दिवस होते; त्यामुळे कितीही अल्प मिळकतीतून काही ना काही वेगळे काढणे शक्य होते. या नेमातील मर्म लक्षात घेण्याजोगे आहे. महिनाअखेर उरले तर द्यावे, असे ठरविणाऱ्याच्या हातून सहसा काहीच दिले जात नाही, कारण उरत काहीच नाही. अण्णांनी तो अंश खर्चाच्या आधी काढला. बचतीच्या बाबतीत आज शहाणी माणसे आपल्या मुलांना हेच सांगतात. अण्णांनी तो नियम दानास लावला.

याच विचाराचे मोठे रूप म्हणजे 'मुरुड फंड'. १८८६ च्या सुमारास अण्णांनी आणि त्यांच्या गावकरी मित्रांनी हा फंड सुरू केला. नोकरीधंद्यानिमित्त मुरुडबाहेर पडलेल्या माणसांनी आपल्या मिळकतीचा ठरलेला हिस्सा गावच्या शिक्षणासारख्या कामांसाठी द्यावा, अशी ती योजना होती. ज्या गावाने आपल्याला वाढविले त्याचे आपल्यावर काही देणे आहे आणि ते भावनेने न फेडता हप्त्याने फेडले पाहिजे, ही त्यामागची दृष्टी. मंडळाची वर्गणी वेळेवर भरणाऱ्या आणि वर्गणी गोळा करण्यासाठी जिने चढउतार करणाऱ्या, अशा दोन्ही प्रकारच्या वाचकांना या फंडाचे महत्त्व सहज कळेल.

१८९१ साली राधाबाईंचे निधन झाले. मुलगा नऊ वर्षांचा होता. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांनी अण्णांना फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे अध्यापक म्हणून येण्याविषयी विचारले आणि नोव्हेंबर महिन्यात अण्णा पुण्यास रुजू झाले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांनी वीस वर्षे सेवा करण्याचे वचन द्यावयाचे आणि दरमहा पंचाहत्तर रुपयांच्या आसपास वेतनात समाधान मानावयाचे, अशी तेथील रीत होती. गणितात पदवी मिळविलेल्या माणसाला सरकारी नोकरीत किंवा मुंबईच्या शिकवण्यांत पुढे यापेक्षा अधिक प्राप्तीची आशा धरता आली असती. अण्णांनी वाढत्या मिळकतीचा मार्ग सोडून स्थिर पण मर्यादित मिळकतीचा मार्ग पत्करला. या निर्णयाचा एक लाभही होता. आपल्याला महिन्यास किती मिळणार आणि किती वर्षे मिळणार हे एकदा निश्चित झाले, की त्या चौकटीत राहून बाकीच्या आयुष्याची आखणी करता येते. अण्णांची पुढील सारी धाडसे या निश्चित पगाराच्या पायावर उभी राहिली, हे विसरून चालणार नाही. फर्ग्युसनमधील नोकरी त्यांनी १९१४ पर्यंत सोडली नाही.

११ मार्च १८९३ रोजी अण्णांनी नरहरपंतांची विधवा बहीण गोदूबाई हिच्याशी पुनर्विवाह केला. गोदूबाई मूळच्या देवरुखच्या. आठव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य, असे त्यांचे प्राक्तन होते. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातील त्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या आणि पुढे साऱ्या महाराष्ट्राच्या 'बाया' झाल्या. या विवाहाचे पडसाद मुरुडास उमटले. गावाने अण्णांवर बहिष्कार घातला. ते गावी आले तर ज्या सभेत ते असतील तेथे कोणी बसावयाचे नाही आणि त्यांच्या भावाने त्यांना घरात घ्यावयाचे नाही, असे ठराव झाले. वृद्ध आई आणि वडील बंधू भिकाजीपंत यांना त्याचा फार त्रास झाला. ज्या गावासाठी आपल्या मिळकतीतून हिस्सा काढण्याची प्रथा अण्णांनी पाडली होती, त्याच गावाने त्यांना दार बंद केले. अण्णांनी मात्र गावाविषयी कडवटपणा धरला नाही.

आता या संसारातील सर्वांत अवघड निर्णयाकडे वळू. पुनर्विवाहाने फार थोड्या विधवांचा प्रश्न सुटतो. शिक्षण मिळून त्या स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या तरच पुष्कळांचा सुटेल, अशी अण्णांची खात्री होत गेली आणि १४ जून १८९६ रोजी अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन झाली. या कामासाठी लोकांकडे पैसे मागावयाचे तर प्रथम स्वतः दिले पाहिजेत, म्हणून अण्णांनी आपल्याजवळची सर्व शिल्लक, एक हजार रुपये, आश्रमास देऊन टाकली. आजच्या काळात हा आकडा किरकोळ वाटेल. पण पंचाहत्तर रुपये पगाराच्या हिशेबाने पाहिले तर ती तेरा महिन्यांहून अधिक काळाची संपूर्ण कमाई होते. आणि घरखर्च भागवून पगारातला दहावा हिस्सा शिल्लक टाकणाऱ्या काटकसरी माणसाला एवढी रक्कम साठविण्यास अकरा वर्षे लागली असती. म्हणजे एका सहीनिशी त्यांनी वर्षानुवर्षांची काटकसर दुसऱ्याच्या स्वाधीन केली.

शिल्लक गेली तरी आयुर्विम्याची पॉलिसी होती. विम्याची कल्पना तेव्हा आपल्या समाजात नवी होती. ओरिएंटल कंपनी मुंबईत १८७४ साली निघाली होती आणि शहरातील नोकरदार वर्ग हळूहळू विम्याकडे वळत होता. विम्याचे तत्त्व सर्वांच्या परिचयाचे आहे. कर्त्या पुरुषाने दरवर्षी थोडा हप्ता भरावयाचा आणि तो अकाली गेला तर त्याच्यामागे बायकामुलांना ठरलेली रक्कम मिळावयाची. ज्या काळात प्लेगसारखी साथ आठवड्याभरात घरे ओस पाडीत होती, त्या काळात ती पॉलिसी म्हणजे त्या कुटुंबाच्या डोक्यावरचे छप्परच होते. अण्णांनी ती पॉलिसीही आश्रमाच्या नावे करून दिली.

बायांना याचे अतिशय दुःख झाले आणि त्यांनी ते लपविले नाही. त्यांचे म्हणणे नीट समजून घेतले पाहिजे. ती स्त्री एकदा विधवा झालेली होती. कर्ता पुरुष गेल्यावर निराधार बाईचे काय होते, हे तिला पुस्तकातून कळले नव्हते. पुनर्विवाहामुळे सासरमाहेरचे पुष्कळसे आप्त दुरावलेले. संकट आलेच तर जाऊन राहण्यासारखे घर नाही. पदरी लहान मुले. अशा स्थितीत नवऱ्याने पुंजी द्यावी आणि पाठोपाठ विमाही द्यावा, हे पाहून तिच्या पोटात गोळा उठला तर त्यात नवल काय? विधवांसाठी आश्रम काढणारा माणूस आपल्या मागे आपल्याच पत्नीची काय तजवीज करतो, हा प्रश्न विचारण्याचा तिचा अधिकार कोणीही नाकारू शकणार नाही. शिवाय तिच्या वाट्याला आणखी एक शल्य होते. आश्रम हा शिक्षणासाठी आहे, पुनर्विवाहासाठी नाही, अशी लोकांची खात्री पटावी म्हणून पुनर्विवाहित बायांना आश्रमापासून प्रथम दूरच राहावे लागले. अण्णा हिंगण्यास आणि बाया मुलांसह पुण्यात, असे दिवस त्यांनी काढले. घरची पुंजी ज्या संस्थेत गेली, त्या संस्थेचा उंबरठा घरच्या लक्ष्मीला परका होता.

बायांनी यावर जो उपाय शोधला तो त्यांच्या स्वभावाला शोभणारा होता. रडत बसण्याऐवजी त्यांनी नागपुरास जाऊन सुईणीच्या कामाचे शिक्षण घेतले. उद्या वेळ आलीच तर आपले आणि मुलांचे पोट आपल्याला भरता आले पाहिजे, एवढाच त्यामागचा विचार. विम्याची पॉलिसी गेली, तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातातील कसबाची पॉलिसी उतरविली, असे म्हणावयास हरकत नाही. आणि गंमत अशी, की अण्णा आश्रमातल्या मुलींना जे शिकवू पाहत होते तेच बायांनी या कृतीने सिद्ध केले. पुढे त्याच बायांनी आश्रमासाठी वर्गणी जमविण्याच्या कामाला स्वतःस वाहून घेतले. त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले याही आश्रमाच्या कामात आल्या आणि निधी जमविण्यासाठी १९१८ साली थेट अमेरिकेस जाऊन पोहोचल्या. बायांनी 'माझे पुराण' या आत्मकथनात आपल्या संसाराची हकीकत मोकळेपणाने सांगितली आहे. अण्णांचे 'आत्मवृत्त' वाचणाऱ्याने ते पुस्तक शेजारी ठेवून वाचावे. एकाच घराचे दोन जमाखर्च त्यात दिसतात.

अण्णांच्या बाजूने काय म्हणता येईल? एक तर त्यांनी जे दिले ते कर्ज काढून दिले नाही. दानाच्या उत्साहात घर गहाण टाकणारे उदार पुरुष आपल्या समाजात होऊन गेले आहेत. अण्णा त्यांतले नव्हते. पगार चालू होता, राहणी अतिशय साधी होती आणि खर्च मिळकतीच्या आत होता. दुसरे असे, की मुलांना इस्टेट ठेवण्यापेक्षा शिक्षण द्यावे, हीच त्यांची वारसदारांविषयीची तरतूद होती, आणि ती त्यांनी खरोखर केली. थोरले रघुनाथराव गणिताचे प्राध्यापक झाले आणि पुढे 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून संततिनियमनाचे अग्रदूत ठरले. शंकरराव डॉक्टर होऊन आफ्रिकेत मोंबासा येथे स्थायिक झाले. दिनकरराव जर्मनीस जाऊन रसायनशास्त्राचे डॉक्टर झाले आणि फर्ग्युसन कॉलेजात शिकवू लागले. विदुषी इरावतीबाई या त्यांच्या पत्नी. धाकटे भास्करराव हिंगण्याच्या संस्थेत रमले. बापाच्या पेटीत काही नसताना चारही मुलगे आपापल्या पायांवर उभे राहिले. शिक्षणावर लावलेला पैसा बुडाला नाही.

तरीही एक गोष्ट राहतेच. मुले कर्तबगार निघाली आणि अण्णा एकशे चार वर्षे जगले, म्हणून तो निर्णय आज शहाणपणाचा दिसतो. १८९७ च्या प्लेगात काही बरेवाईट झाले असते तर बायांची भीती अक्षरशः खरी ठरली असती. निर्णयाची योग्यता त्याच्या फळावरून ठरवू नये; तो घेताना ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांचे मन विचारात घेतले होते की नाही, यावरून ठरवावी. या कसोटीवर अण्णा थोडे उणे पडतात असे प्रस्तुत लेखकास वाटते, आणि तसे म्हटल्याने त्यांचे मोठेपण कमी होत नाही. त्या मोठेपणात बायांचा वाटा किती होता, ते मात्र अधिक स्पष्ट होते.

आश्रमाचे काम १८९९ साली पुण्यात सुरू झाले. शहरातील प्लेगमुळे ते १९०० साली हिंगण्यास हलले. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी सहा एकर जमीन आणि झोपडी बांधण्यासाठी साडेसातशे रुपये दिले. त्या माळरानावर उभी राहिलेली झोपडी हीच आजच्या विशाल संस्थेची गंगोत्री. कॉलेजचे तास संपवून अण्णा रोज चार मैल चालत हिंगण्यास जात आणि जाताना आश्रमासाठी लागणारे जिन्नसही नेत. सुट्टी लागली की वर्गणीसाठी गावोगाव फिरत. मोठ्या देणगीदाराची वाट पाहत बसण्यापेक्षा पुष्कळांकडून थोडे थोडे घ्यावे, वर्षाच्या वर्षाला अहवाल छापून जमाखर्च लोकांपुढे ठेवावा आणि पुन्हा त्याच दारी जावे, ही त्यांची रीत. एकदा दिलेल्याचा हिशेब मिळाला की माणूस दुसऱ्यांदा आनंदाने देतो. संस्थेचा 'भाऊबीज निधी' याच तत्त्वावर वाढला. भाऊबिजेला बहिणीच्या ओवाळणीत टाकावयाच्या पैशांतून चार पैसे हिंगण्याच्या बहिणींसाठी, ही कल्पनाच इतकी घरगुती होती की त्यात दान केल्याचा अहंकार शिरावयास जागा नव्हती.

मोठ्या रकमेचा व्यवहार अण्णांच्या हाती आला तो महिला विद्यापीठाच्या निमित्ताने. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती वाचून स्फुरलेली ही कल्पना त्यांनी १९१५ साली मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून मांडली आणि १९१६ साली विद्यापीठ सुरूही झाले. त्या वेळी अण्णांचे वय अठ्ठावन्न होते. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आपल्या मातोश्री श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांच्या स्मरणार्थ पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली. साडेतीन टक्के व्याजाने या रकमेचे वर्षाला बावन्न हजार पाचशे रुपये येणार होते. मूळ मुद्दलास हात न लावता व्याजावर संस्था चालवावयाची, ही त्यातली व्यवस्था. एक हजाराची सारी पुंजी एका दिवसात देऊन टाकणारा माणूस संस्थेच्या बाबतीत मात्र मुद्दल राखून व्याज खर्च करण्याचा मार्ग स्वीकारतो, यात विसंगती नाही. स्वतःच्या पैशाविषयी माणसाने उदार असावे आणि दुसऱ्याच्या पैशाविषयी कृपण असावे, हा विश्वस्ताचा धर्मच आहे. आपल्याकडे बहुधा याच्या उलट चालते, म्हणून तो मुद्दाम सांगावा लागतो.

सत्तरी उलटल्यावर १९२९ साली अण्णा परदेशी निघाले. युरोप, अमेरिका आणि जपान पाहून, तेथे आपल्या कामाविषयी बोलून त्यांनी निधी मिळविला. पुढे बायांसह ते आफ्रिकेस गेले आणि पूर्व व दक्षिण आफ्रिकेतील हिंदी वस्त्यांतून फिरले. मोंबासास मुलगा होताच. घरापासून हजारो मैलांवर दुकान किंवा नोकरी करून राहिलेल्या आपल्या देशबांधवांनी, ज्यांनी पुणे कधी डोळ्यांनी पाहिले नसेल अशांनीही, आपल्या शिलकीतून त्या वृद्ध जोडप्याच्या हातावर काही ना काही ठेवले. गाव सोडलेल्या माणसाच्या मनात गावाकडच्या कामासाठी एक कोपरा नेहमी राखलेला असतो, हे अण्णांना मुरुड फंडाच्या दिवसांपासून ठाऊक होते.

परत आल्यावरही ते थांबले नाहीत. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले आणि निवृत्तिवेतनातला वाटा त्यात घालून, पुन्हा थोड्या थोड्या पैशांसाठी लोकांची दारे ठोठावण्यास आरंभ केला. १९४४ साली समता संघ स्थापन केला. २९ नोव्हेंबर १९५० रोजी बाया गेल्या. १९५५ साली 'पद्मविभूषण' आणि १९५८ साली 'भारतरत्न' हे सन्मान आले, तेव्हा ते पाहण्यास त्या नव्हत्या. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी अण्णांनी देह ठेवला.

परमुलखात संसार थाटलेल्या प्रत्येक मराठी घरात पैशाची ओढाताण तीन बाजूंनी होत असते. गावाकडे आईवडिलांना पाठवावयाचे असते, येथे मुलांना शिकवावयाचे असते आणि निवृत्तीनंतर कोठे राहावयाचे यासाठी काही राखावयाचे असते. घरासाठी कर्ज काढावे की भाड्याने राहावे, दागिना करावा की विम्याचा हप्ता भरावा, यावर रात्री दिवा मालवल्यानंतर नवराबायकोत बोलणी होतात. या तीन बाजूंच्या पलीकडे चौथी बाजू असते, ती समाजाची. आणि ओढाताणीत पहिला बळी तिचाच जातो. अण्णांच्या चरित्राने शिकविलेली गोष्ट एवढीच की त्या चौथ्या बाजूचा अंश, मग तो कितीही लहान असो, आधी काढून ठेवावा. आणि बायांच्या चरित्राने शिकविलेली गोष्ट अशी की तो किती असावा हे घरातील दोघांनी मिळून ठरवावे, आणि घरातील स्त्रीच्या हाती स्वतःचे कसब व स्वतःची मिळकत असावी.

आपल्या मंडळाची पन्नास वर्षे अशाच लहान अंशांवर उभी राहिली आहेत. कोणी पहिल्या पगारातून वर्गणी दिली, कोणी गणेशोत्सवासाठी घरातली भांडी दिली, कोणी सभागृहाच्या निधीत निवृत्तीच्या रकमेतील वाटा घातला. त्या प्रत्येक रुपयामागे एखाद्या घरातील काटकसर आहे आणि बहुधा एखाद्या गृहिणीने मागे ठेवलेली हौस आहे. सुवर्णमहोत्सवाच्या आनंदात देणाऱ्यांची नावे आपण आदराने घेऊच. त्या नावांशेजारी ज्यांची नावे पावतीवर कधी आली नाहीत, त्या घरोघरच्या बायांचेही स्मरण ठेवावे.